एफ-२ दाबूनही दार का उघडत नाही?

लॅपटॉपचे पॉवर बटण दाबायचे, कंपनीचे बोधचिन्ह उमटताच ‘एफ-२’ किंवा ‘डिलीट’ या कळीवर बोट आपटत राहायचे आणि क्षणार्धात निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतला ‘बायोस सेटअप’ समोर यायचा. संगणक हाताळणाऱ्या एका अख्ख्या पिढीच्या बोटांत ही सवय मुरलेली आहे. मात्र गेल्या आठ-दहा वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपवर हाच प्रयोग केला, तर बहुतेकदा निराशाच पदरी पडते. कळ दाबेदाबेपर्यंत विंडोज सुरू होऊन पासवर्ड मागू लागते. दोन-तीन प्रयत्न फसले की कीबोर्ड बिघडला असावा, अशी शंका येते आणि यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेले जाते. कीबोर्ड बिघडलेला नसतो. दार होते तिथेच असते. ते उघडण्याची रीत तेवढी बदललेली असते.

ज्या सेटिंग्जच्या वाटेला सर्वसामान्य वापरकर्ता वर्षानुवर्षे जात नसे, तिकडे वळण्याची वेळ आता अनेक घरांत आली आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर झाली खरी, पण मुख्य सल्ला ‘विंडोज ११’कडे जाण्याचाच होता. या आवृत्तीला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा यंत्रणा आणि ‘सिक्युअर बूट’ची सोय असलेले फर्मवेअर लागते. आता गंमत अशी की, तपासणीत ‘अपात्र’ असा शेरा मिळालेले सगळेच लॅपटॉप खरोखर जुने नसतात. प्रोसेसर पुरेसा नवा, म्हणजे इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर या दोन्ही सोयी यंत्रात बहुधा असतातच. कुणीतरी कधीतरी त्या फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवलेल्या असतात. एक खटका फिरवला तर चालणारे यंत्र भंगारात काढून नव्यावर चाळीस-पन्नास हजार रुपये खर्च करायचे का, हा साधासुधा प्रश्न नाही. घरातल्या मुलांचा तगादा वेगळाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’सारख्या खेळालाही ‘सिक्युअर बूट’ चालू असावे लागते.

खटक्यांपासून ‘यूईएफआय’पर्यंत

संगणकाला वीज मिळाली की प्रोसेसरला प्रथम एका छोट्या चिपमधील सूचना वाचाव्या लागतात. स्मृती किती, डिस्क कुठे, कीबोर्ड जोडलेला आहे की नाही, हे सारे याच सूचना ठरवितात आणि मग कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हाती सोपवितात. या सूचनासंचाला फर्मवेअर म्हणतात. ‘बायोस’ हे त्याचे जुने नाव, आणि सवयीने आजही तेच तोंडी येते. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीला सेटअपचा पडदाच नव्हता. मदरबोर्डवरचे बारीक खटके वर-खाली करून यंत्राला त्याची जडणघडण सांगावी लागे. १९८४ च्या ‘पीसी एटी’मध्ये बॅटरीवर जगणारी छोटी स्मृती आली, पण तीत बदल करण्यासाठी फ्लॉपी घालावी लागत असे. एखादी कळ दाबून सेटअप उघडण्याची पद्धत त्यानंतर रुळली.

या जुन्या बायोसच्या मर्यादा मोठ्या होत्या. त्याच्या जोडीने येणाऱ्या डिस्क विभागणीच्या पद्धतीत दोन टेराबाइटपलीकडची डिस्क पूर्ण वापरता येत नसे. इंटेलने आपल्या ‘इटॅनियम’ प्रोसेसरसाठी नवी रचना आखली, २००५ मध्ये ती पुढे नेण्यासाठी कंपन्यांचा एक मंच स्थापन झाला आणि त्यातून ‘यूईएफआय’ हे आजचे फर्मवेअर आकाराला आले. २०१२ च्या ‘विंडोज ८’सोबत ते सर्वसामान्यांच्या लॅपटॉपवर सरसकट दिसू लागले. जुनी कळ निष्प्रभ होण्याची सुरुवातही तिथूनच झाली.

पाव सेकंदाची शर्यत

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये यासंबंधी एक मजेशीर अडचण जाहीरपणे मांडली होती. ‘विंडोज ८’ इतक्या वेगाने सुरू होत होते की, ‘एफ-२’ किंवा ‘एफ-८’ दाबले गेले का हे पाहण्यासाठी यंत्राकडे २०० मिलिसेकंदांहूनही कमी अवधी उरत होता. कंपनीतल्या चपळ बोटांच्या मंडळींनाही साधारण २५० मिलिसेकंदांत एकदा कळ दाबणे जमत होते. म्हणजे उत्तम खेळाडूलाही यश मिळणार ते नशिबानेच. सामान्य माणसाने या शर्यतीत उतरू नये, हे उघड होते.

वेग वाढण्यामागे सॉलिड स्टेट डिस्कचा वाटा होताच, पण फर्मवेअरनेही आपली कामे छाटली होती. ‘फास्ट बूट’ चालू असेल तर सुरुवातीच्या अनेक चाचण्या टाळल्या जातात. काही यंत्रांत तर यूएसबीवरची उपकरणे विंडोज येईपर्यंत जागीच केली जात नाहीत. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर कितीही बडवले तरी दाद मिळत नाही, ती यामुळे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘शट डाऊन’. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच काम सुरू होते. याउलट ‘रिस्टार्ट’मध्ये सारे काही नव्याने सुरू होते. यंत्र बंद करून चालू करणे हे ‘रिस्टार्ट’पेक्षा अधिक पक्के, असा आपला सर्वसाधारण समज असतो, विंडोजच्या बाबतीत तो उलटा ठरतो. कळ दाबूनच आत शिरायचे असेल, तर आधी ‘रिस्टार्ट’ करावे, किंवा ‘शिफ्ट’ कळ दाबून धरून ‘शट डाऊन’ निवडावे. तसे केले की यंत्र खरोखर बंद होते.

दार आता आतून उघडते

यावर काढलेला तोडगा असा की, सेटअपमध्ये जाण्याची इच्छा यंत्र सुरू होताना नव्हे, तर ते चालू असतानाच सांगून ठेवायची. ‘विंडोज ११’मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, तेथून ‘रिकव्हरी’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’समोरचे ‘रिस्टार्ट नाऊ’ असे जावे. ‘विंडोज १०’मध्ये ही ‘रिकव्हरी’ ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या विभागात आहे. त्याहून जवळची वाट म्हणजे ‘शिफ्ट’ कळ दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’वर क्लिक करणे. पासवर्ड आठवत नसला तरी लॉग-इनच्या पडद्यावरूनही हे करता येते. निळा पडदा आला की ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ असे क्रमाने निवडून पुन्हा ‘रिस्टार्ट’ करायचे. या वेळी यंत्र थेट सेटअपच्या पडद्यावर येऊन थांबते. बोटांची कसरत नाही की नशिबाची परीक्षा नाही.

आत घडते ते असे. मदरबोर्डवरील चिपमध्ये एक लहानशी जागा फर्मवेअर आणि विंडोज या दोघांनाही वाचता-लिहिता येते. ‘पुढच्या खेपेस सेटअपपाशी थांब’ अशी चिठ्ठी विंडोज तिथे ठेवून जाते. यंत्र पुन्हा सुरू होताच फर्मवेअर ती वाचते, पुसून टाकते आणि सेटअप उघडते. लिनक्सलाही ही भाषा येते. अनेक वितरणांत सुरुवातीच्या यादीतच फर्मवेअर सेटिंग्जचा पर्याय दिलेला असतो. ही सामाईक जागा किती नाजूक असू शकते, याचा धडा २०१३ च्या जानेवारीत मिळाला होता. सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे ठप्प झाले. पुढे असे उघड झाले की, ती जागा नोंदींनी भरली की त्यांचे फर्मवेअर गोंधळून जात होते, आणि विंडोजमधूनही तोच प्रकार घडविता येत होता.

‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ हा पर्याय यादीत दिसतच नसेल, तर ती एक महत्त्वाची खूण समजावी. बहुधा विंडोज ‘लेगसी’ म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने बसविलेले असते. शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे लिहून उघडणाऱ्या खिडकीत ‘बायोस मोड’ या ओळीसमोर काय आहे ते पाहिले की खुलासा होतो.

विंडोज अजिबातच सुरू होत नसेल, तर मात्र जुन्या कळांना शरण जाण्यावाचून इलाज नाही. पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे आणि पुन्हा चालू करताक्षणी कळ टिचकावत राहावे. ती कोणती, याबाबत कंपन्यांचे एकमत कधीच झाले नाही. डेल, एसर आणि आसुसच्या बहुतेक लॅपटॉपना ‘एफ-२’ चालते. एचपीमध्ये ‘एस्केप’ दाबून यादी आणावी आणि मग ‘एफ-१०’. लेनोव्होच्या थिंकपॅडला ‘एफ-१’ लागते, तर त्याच कंपनीच्या आयडियापॅडला ‘एफ-२’. शिवाय आयडियापॅडच्या अनेक नमुन्यांत कडेला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. यंत्र बंद असताना त्यात टाचणी घालून आतले ‘नोव्हो’ बटण दाबले की सेटअपसह चार पर्यायांची यादी येते. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवर आवाज वाढविण्याचे बटण दाबून धरून पॉवर बटण दाबून सोडायचे असते. वरच्या ओळीतल्या कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी नेमलेल्या असतील, तर ‘एफएन’ कळही सोबत दाबावी लागते. अनेकांचे प्रयत्न केवळ एवढ्यासाठीच फसतात.

आत जाण्यापूर्वी ४८ अंक

आत शिरून नुसते पाहण्याने आणि काहीही न जपता बाहेर पडण्याने सहसा काही बिघडत नाही. बदल करण्यापूर्वी मात्र एक काम अत्यावश्यक आहे, आणि नेमके तेच राहून जाते. आजच्या पुष्कळशा लॅपटॉपची डिस्क ‘बिटलॉकर’ने किंवा तिच्याच घरगुती भावंडाने, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने, कुलूपबंद केलेली असते. ‘विंडोज ११’च्या २०२४ मधील आवृत्तीपासून नव्याने विंडोज बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केले, की हे कुलूप अनेक यंत्रांवर आपोआप लागते. मालकाने ते मागितलेले नसते, अनेकदा त्याला त्याची खबरही नसते.

या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर कसे आहे, सिक्युअर बूट चालू आहे का, याचे ठसे टीपीएम घेते आणि ते आधीच्या ठशांशी जुळले तरच किल्ली देते. सिक्युअर बूट बंद केले, टीपीएमच्या सेटिंगला हात लावला, काही यंत्रांत तर नुसता बूटचा क्रम बदलला, तरी ठसे जुळत नाहीत. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. यंत्रणेच्या दृष्टीने यात काहीच बिघाड नाही. लॅपटॉप चोरणाऱ्याने डिस्क उघडू नये, यासाठीच तर हा खटाटोप असतो. चोर आणि मालक यांतला फरक त्या ४८ अंकांनीच कळतो. ते मिळाले नाहीत तर मायक्रोसॉफ्टलाही डिस्क उघडता येत नाही. लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, धंद्याचे हिशेब, सारे कायमचे आत राहते.

म्हणून सेटअपकडे जाण्याआधी ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. ती त्याच लॅपटॉपमध्ये साठविण्यात काय अर्थ आहे, हे सांगायला नको. एका खात्यावर अनेक किल्ल्या असतील, तर निळ्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे जुळवून हवी ती निवडता येते. आणखी एक पेच आपल्याकडे विशेष आढळतो. नवा लॅपटॉप घरी आला की तो ‘सेट करून देण्याचे’ काम भाचा, शेजारी किंवा दुकानातला मुलगा करतो. त्याने घाईत स्वतःच्या खात्याने लॉग-इन केले असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात जाऊन बसलेली असू शकते. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपची किल्ली कार्यालयाकडे असते. अशा यंत्राच्या फर्मवेअरला परस्पर हात न लावणेच बरे.

‘विंडोज प्रो’मध्ये कंट्रोल पॅनेलमधील बिटलॉकरच्या पानावर ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ हा पर्याय मिळतो. बदलापुरते संरक्षण त्याने थांबविता येते. काम उरकल्यावर ते पुन्हा चालू झाले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

काय बदलावे, कशाला हात लावू नये

प्रत्यक्ष सेटअपमध्ये गेल्यावर नावांचा गोंधळ उडतो. टीपीएम शोधायला जावे तर त्या नावाची ओळच नसते. इंटेलच्या यंत्रात ते ‘पीटीटी’ या नावाने, एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने, तर कुठे नुसते ‘सिक्युरिटी डिव्हाइस’ म्हणून असते. हुडकायचे ते ‘सिक्युरिटी’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ या पानांवर. तिथेच शेजारी ‘क्लिअर टीपीएम’ असाही पर्याय असतो. तो दाबला की टीपीएममधील किल्ल्या पुसल्या जातात, त्यामुळे ‘चालू करणे’ आणि ‘पुसणे’ यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. एकाच यंत्रात दुसरी संगणकप्रणाली चालविण्यासाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सोयही अशीच नाव बदलून असते. इंटेलकडे ‘व्हीटी-एक्स’, एएमडीकडे ‘एसव्हीएम’.

सर्वांत जास्त नुकसान दोन ठिकाणी होते. पहिले म्हणजे बूट पद्धत. विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने बसविलेले असताना कुणी उत्साहाने ‘यूईएफआय’ निवडले, तर विंडोज सापडेनासे होते. योग्य क्रम असा, की आधी डिस्कची विभागणी नव्या पद्धतीत बदलायची आणि मग फर्मवेअरचा खटका फिरवायचा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच दिले आहे. महत्त्वाच्या फायलींची प्रत मात्र अगोदर बाहेर काढून ठेवावी. दुसरे ठिकाण म्हणजे डिस्कच्या नियंत्रकाची पद्धत. ‘रेड’, ‘व्हीएमडी’ किंवा ‘एएचसीआय’ यांपैकी जे असेल ते तसेच राहू द्यावे. ते बदलताच विंडोजला आपली डिस्क ओळखता येत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येतो. सुदैवाने मूळचा पर्याय परत निवडला, की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे ही जुन्या कारागिरांची युक्ती इथे फार उपयोगी पडते. ‘सर्व काही मूळ स्थितीत’ आणणारी ‘लोड डिफॉल्ट्स’ची कळ ही तिची पर्यायी सोय नव्हे, कारण ती कारखान्यातल्या मूळ सेटिंग्ज आणते. काल चालत असलेल्या सेटिंग्ज त्याच असतील असे नाही.

सेटअपला पासवर्ड लावण्याचा मोह होतो. चोरीच्या दृष्टीने तो उपयुक्तही आहे. पण जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढून पासवर्ड घालविण्याचा जो उपाय सर्वांना ठाऊक होता, तो आजच्या पुष्कळशा लॅपटॉपवर चालत नाही. पासवर्ड आता वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये राहतो. थिंकपॅडचा ‘सुपरवायझर’ पासवर्ड विसरला, तर मदरबोर्डच बदलावा लागतो, असे लेनोव्होच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे. जुना लॅपटॉप विकत घेताना दुकानातच सेटअप उघडून तो पासवर्ड मागतो का, हे पाहून घ्यावे ते यासाठीच.

राहता राहिले फर्मवेअरचे अपडेट. ‘सीआयएच’ या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांच्या बायोसवरच बोळा फिरवला होता. तेव्हापासून कंपन्यांनी ही चिप अधिक बंदिस्त केली आणि आजची अपडेट्स कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीची असतात. ती यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधूनच घ्यावीत आणि बॅटरी पुरेशी भरलेली असताना, चार्जर जोडून करावीत. दरम्यान पडदा काही मिनिटे काळा राहिला, पंखा जोरात फिरू लागला किंवा यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाले, तरी पॉवर बटणाला हात लावू नये.